उपरी कुळाचा संसार : जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांतील नवागत शेतकरी

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा इतिहास बव्हंशी किल्ले, लेणी आणि घाटवाटा यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट यांच्या वर्णनात शेतकरी आढळतो तो केवळ करदाता म्हणून. त्यातही गावचा मूळ रहिवासी जो मिरासदार, त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. कारण त्याच्यापाशी कागद होते, आणि इतिहास कागदांच्या मागे जातो. परंतु दुष्काळाने अथवा स्वारीने उजाड झालेल्या गावात जो बाहेरून आला, ज्याने पडीत जमीन फोडली, बांध घातले आणि पुन्हा चूल पेटविली, त्या शेतकऱ्याची नोंद जुन्या दप्तरात 'उपरी' या एका शब्दात संपते. या उपरी कुळाचे जीवन कसे होते, तो कोणत्या अटींवर येई, आणि मुख्य म्हणजे तो 'गावचा' केव्हा व कसा होई, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बाहेरून येणारा माणूस या प्रदेशाला नवा नव्हता. जुन्नरच्या लेण्यांतील कोरीव लेखांत इरिल व चिट या यवनांची दाने नमूद आहेत, आणि आडुथुम नावाच्या एका शकाने दिलेल्या जमिनीचे माप 'निवर्तनां'त सांगितले आहे. म्हणजे परकीय वंशाचा मनुष्य येथे स्थायिक होऊन जमिनीचा दाता होण्याइतका रुजला होता, याला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेखी पुरावा आहे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी ज्याने जुन्नर हे काही काळ निजामशाहीचे ठाणे केले तो मलिक अंबर हाही हबसाणातून गुलाम म्हणून आणलेला. दक्षिणेतील जमीनमहसुलाची घडी बसविण्याचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. कंपनी सरकारचे काही अधिकारी तर मिरासी हक्काचे मूळच त्याच्या व्यवस्थेत शोधीत असत. हे मत वादग्रस्त आहे. मिरास त्याहून जुनी असावी असेच बहुतेक अभ्यासकांना वाटते. व्यापारी, शिपाई आणि सरदार यांचे येणे मात्र निराळे आणि नांगर घेऊन येणाऱ्या कुटुंबाचे निराळे. व्यापारी शहरात उतरतो. शेतकऱ्याला गावात शिरावे लागते, आणि गावात शिरणे ही जुन्या महाराष्ट्रात साधी गोष्ट नव्हती.

गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची जमीन, पांढरी ही वस्तीची. काळीचे विभाग म्हणजे 'थळे'. प्रत्येक थळ एका मूळ घराण्याच्या नावाचे असे, आणि त्या घराण्याच्या वंशजांना 'थळकरी' अथवा 'मिरासदार' म्हणत. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्या कर्नल साईक्सने गावोगावचे 'थळझाडे' मिळवून १८३५ मध्ये दख्खनच्या भूधारणापद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात आढळलेली एक गोष्ट मार्मिक आहे. एखादे घराणे समूळ नष्ट झाले तरी त्याचे नाव थळाला चिकटून राही. माणसे गेली, वाडा पडला, तरी शेत त्याच नावाने ओळखले जाई. अशा जमिनीस 'गतकुळ' म्हणत. उपरी येऊन बसे तो बहुधा या गतकुळावर. म्हणजे त्याच्या नांगराखालची जमीन मोकळी असली तरी निनावी नसे.

या जमिनी मोकळ्या कशा होत? आंबेगाव व जुन्नर यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला, अतिवृष्टीचा. तेथून पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि आणे पठार, बेल्हे या बाजूस तो अवर्षणाच्या सीमेवर येतो. मधल्या पट्ट्यात मीना, कुकडी आणि घोड या नद्यांची खोरी आहेत. जुन्या कागदांत त्यांना मिनेर, कुकडनेर अशी नावे आहेत. एका वर्षीचा पाऊस पूर्वभागातील गाव अर्धे रिकामे करण्यास पुरे होई. त्यात लष्कराच्या वाटेवरचा हा मुलूख. १६३०-३२ चा दुष्काळ प्रसिद्धच आहे. त्यानंतरचा मोठा आघात म्हणजे १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकराचा विजय झाल्यानंतरची लूट आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. पुणे प्रांतातील पुष्कळ गावे त्या वेळी ओस पडली. १८१८ मध्ये पेशवाई संपून कंपनीचा अंमल आला तेव्हा जे गाव इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिले, ते या पडझडीतून नुकतेच सावरू लागलेले गाव होते. त्यातील पडीत जमीन हा त्या गावाचा स्वभाव नसून ताजी जखम होती. हे लक्षात न घेतल्यामुळे उपरी म्हणजे आज येथे तर उद्या तेथे जाणारे अस्थिर कूळ, अशी समजूत त्यांच्या काही अहवालांतून दृढ झाली.

ओसाड गाव वसविण्याचे साधन म्हणजे कौल. कौल म्हणजे सरकारचे अथवा सरकारच्या वतीने पाटील-देशमुखांनी दिलेले अभयवचन. नवे कूळ येऊन जमीन करील तर त्याजकडून किती वर्षे किती घ्यायचे हे त्यात ठरलेले असे. धारा एकदम न लावता चढत्या क्रमाने लावण्याच्या पद्धतीस 'इस्तावा' म्हणत. आरंभी नाममात्र आकार, मग दरसाल वाढ, आणि ठरलेल्या मुदतीअखेर पूर्ण धारा. ही चढण मनमानी नव्हती. पडीत जमीन पहिल्या वर्षी जेमतेम बियाण्याएवढे देते. हरळी व कुंदा यांची मुळे निघायला दोनतीन नांगरटी लागतात, आणि बांधाआड माती धरायला त्याहून अधिक पावसाळे. मातीच्या सुधारण्याचा जो वेग तोच धाऱ्याच्या वाढीचा वेग ठेवणे, हे इस्ताव्यातील शहाणपण होय. कौलासोबत तगाई असे. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीतील १६७६ च्या, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात, ज्या कुणब्यास बैल नाहीत त्यास बैल, बियाणे व पोटाला दाणे द्यावे, आणि ऐवज पुढे त्याच्या शक्तीप्रमाणे, वाढ न घेता, हळूहळू वसूल करावा, असा आदेश आहे. ते पत्र कोकणातील सुभ्याला असले तरी नवे कूळ उभे करण्यास नेमके काय लागते याचा इतका नेमका उल्लेख अन्यत्र विरळा.

येथे दूरच्या एका उदाहरणाशी तुलना उपयुक्त ठरेल. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोणाही होतकरू वसाहतकऱ्यास १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षे तेथे राहून ती कसण्याच्या अटीवर, अल्प शुल्कात मिळू लागली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमियातून निघालेली अनेक शेतकरी कुटुंबे नेब्रास्काच्या माळावर जाऊन बसली ती या कायद्याच्या आधारे. विला कॅथर यांच्या 'माय अँटोनिया' (१९१८) या कादंबरीमुळे ती जगाला परिचित झाली. या लोकांच्या बापजाद्यांवरील वेठीचा बोजा १८४८ मध्ये उठला होता, परंतु पुरेशी जमीन त्यांना मायदेशी मिळत नव्हती. माळावर लाकूड नसल्याने गवताळ मातीचे ढेकळ कापून त्यांची घरे रचावी लागत, किंवा टेकाडाच्या कुशीत खणलेल्या खोपट्यात पहिले हिवाळे काढावे लागत. ओसाड भूमी, अनोळखी शेजारी, अपुरी जनावरे आणि सर्व कुटुंबाचे श्रम या बाबतींत हा शेतकरी आणि कुकडीच्या खोऱ्यातील उपरी एकाच जातकुळीचे. तथापि एक भेद मूलगामी आहे. बोहेमियन शेतकऱ्यास पाच वर्षांअखेर मालकीचा कागद मिळे, आणि तेथील पूर्वीचे रहिवासी, म्हणजे पॉनी, ओटो इत्यादी आदिवासी जमाती, परत येऊन जमीन मागण्याच्या स्थितीत ठेवलेच गेले नव्हते. उपऱ्याच्या बाबतीत नेमके उलट होते. कौलाची मुदत संपली म्हणजे त्यास पूर्ण धारा भरण्याचा मान मिळे, मालकी नव्हे. आणि मूळ मिरासदार परत येण्याची शक्यता कधीच नाहीशी होत नसे.

ही शक्यता केवळ सैद्धान्तिक नव्हती. दुष्काळात परागंदा झालेल्या मिरासदाराची मिरास बुडत नाही, हा गोताचा मान्य न्याय होता. किती वर्षांनंतर ती बुडते याविषयी निरनिराळ्या ठिकाणचे आकडे निरनिराळे आढळतात. पण पिढी उलटून गेल्यावर नातू आला, त्याने आपला वंश गोतापुढे शाबीत केला, तर जमीन त्याला द्यावी लागे. अशा वेळी पंधरावीस वर्षे ती जमीन करणाऱ्या उपऱ्याने घातलेली ताल, खणलेली विहीर यांचे काय होई, हा प्रश्न महजरांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो असे नाही, आणि तेच बोलके आहे. उपऱ्याला गोतात बोलण्याचा अधिकार नव्हता. ज्याला सभेत आवाज नाही त्याची तक्रार कागदावर कोठून येणार?

उपरी कुटुंबाचा दिनक्रम कसा असेल याचे चित्र शेतीच्या साधनांवरून व गावच्या रिवाजांवरून बऱ्याच विश्वासाने उभे करता येते. येताना ते बैल, आऊत व बियाणे आणी, किंवा त्यासाठी तगाईवर अवलंबून राही. भारी जमिनीच्या पहिल्या नांगरटीस एक जोडी पुरत नाही; चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागतात. एवढी जनावरे एका नव्या कुळापाशी असणे अशक्य. म्हणून 'इर्जिक' आणि 'सावड' यांवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नसे. इर्जिकीत गावातले अनेक नांगर एका दिवशी एकाच्या शेतात उतरतात आणि तो त्या दिवशी सर्वांना जेवू घालतो. सावडीत बैल व माणसे यांची सरळ फेड असते. नवागताच्या दृष्टीने ही केवळ श्रमाची देवघेव नव्हती. ज्याच्या शेतात गावचे नांगर उतरले, त्याला गावाने निदान कामापुरते स्वीकारले असा त्याचा अर्थ होई. गोतसभेपेक्षा ही ओळख किती तरी आधी होत असली पाहिजे.

घरातील स्त्रीच्या श्रमांचा उल्लेख महसुली कागदांत सापडत नाही, परंतु तिच्यावाचून कौल निभावला नसता. पाभरीने पेरताना चाड्यावर मूठ धरणे, खुरपणी, बांधाच्या मातीची वाहतूक, राखण ही कामे मजुरी देऊन करून घेण्याची ऐपत उपऱ्यास नव्हती. एकटा पुरुष कौल घेऊन आला तर दुसऱ्या वर्षी निघून जाण्याचा संभव अधिक. कुटुंब घेऊन आलेला टिके. पाटीलही म्हणून बिऱ्हाडासह येणाऱ्याचीच अपेक्षा करीत असावा. पहिल्या वर्षांतील घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर. पांढरीतील जागेवरही मिरासदाराचाच हक्क असल्याने उपऱ्यास घर बांधता येई, ते जागेसह विकता मात्र येत नसे.

आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरउतारांवर, चित्र काहीसे निराळे आहे. तेथील मुख्य शेतकरी महादेव कोळी. कॅप्टन मॅकिंटॉशने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या आणि त्यांच्याआधी या दऱ्यांतून राहणाऱ्या गवळ्यांच्या दंतकथा नोंदविल्या आहेत. दंतकथांचा ऐतिहासिक भाग किती हे सांगणे कठीण. परंतु आपणही कधी काळी येथे नवे होतो ही स्मृती त्या समाजाने जपली हे महत्त्वाचे. या भागात जमीन मिळत नाही, ती बनवावी लागते. उतार फोडून, दगडाची ताल रचून, तिच्याआड वर्षानुवर्षे माती धरून भाताचे खाचर तयार होते. हे काम अनेक कुटुंबे मिळून, पाळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर करतात, त्यास येथे 'पडकई' म्हणतात. वरच्या उतारावर नाचणी, वरई. खाली खाचरात राब भाजून लावलेले भात. खाचर पुरे व्हायला एका माणसाचे उमेदीचे आयुष्य जाते, आणि त्याचे खरे पीक त्याचा मुलगा खातो. पूर्वभागातील उपरी आणि हा डोंगरी शेतकरी यांची महसुली परिभाषा वेगळी असली तरी श्रमाची जात एकच आहे.

आता मूळ प्रश्न. उपरी गावचा केव्हा होई? मिरासदार आणि उपरी या दोन कायमच्या जाती होत्या असे समजणे चुकीचे आहे. पुरेसे धन जमले आणि गाव अनुकूल असले तर उपरी गतकुळ मिरास विकत घेऊ शके. गोताच्या समक्ष मिरासपत्र होई. त्यावर पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेजारचे थळकरी, बलुतेदार यांच्या साक्षी पडत. कुणबी साक्षीदार सहीच्या जागी नांगराची निशाणी करी, सुतार व लोहार आपापल्या हत्याराची. मिरास मिळाली म्हणजे गोतसभेत बसण्याचा, पांढरीतील जागेचा, मानपानातील क्रमाचा हक्क मिळे; काही ठिकाणी घरपट्टी, लग्नपट्टी अशा करांतून सूटही. सोयरिकीत तर मिरासीचे वजन मोठे होते. उपऱ्याच्या घरी मुलगी देताना उद्या हे बिऱ्हाड कोठे असेल, हा प्रश्न मुलीचा बाप विचारणारच.

पुण्याचा पहिला कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याने १८२१ मध्ये केलेल्या निरीक्षणात याच प्रक्रियेचा एक धागा सापडतो. थळ हे एका भाऊबंदकीच्या जथ्याकडे असे आणि धाऱ्याची जबाबदारी जथ्यावर सामायिक असे. त्यातील हिस्सा परक्याने विकत घेतला तर तो त्या जथ्यात दाखल होऊन त्याच बोजाचा वाटेकरी होई. मूळच्या वंशजाला 'घरभाऊ', आणि असा दाखल झालेल्याला 'बिरादरभाऊ' म्हणत. रक्ताचे नाते नसलेल्यास भाऊ म्हणावयाचे, पण कोणत्या प्रकारचा भाऊ हे विसरावयाचे नाही, असा हा तोडगा. गावाने उपऱ्यास कसे पचविले हे या दोन शब्दांइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही.

अर्थात प्रत्येक उपऱ्यास मिरास हवीच होती असे नाही. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालापासून ही गोष्ट पुढे आली आहे की मिरासदाराचा धारा पुष्कळदा उपऱ्यापेक्षा जड असे. जमीन पडीक राहिली तरी त्याला आकार भरावा लागे, आणि पळालेल्या भाऊबंदाची बाकीही त्याच्या माथी येई. उपरी मात्र 'उक्ती' म्हणजे ठरीव बोलीने, बहुधा वर्षाच्या करारावर जमीन करी, आणि जाच झाला तर बैल सोडून शेजारच्या गावी जाई. नवी कुळे मिळविण्यासाठी गावागावांत चढाओढ असे तोवर ही मोकळीक हेच उपऱ्याचे भांडवल होते. प्रतिष्ठा हवी तर बोजा घ्या, मोकळीक हवी तर प्रतिष्ठा सोडा, असा हा सौदा होता. पिढी दोन पिढ्या स्थिरावलेल्या घराने पहिला पर्याय घेतला, आणि नुकत्याच आलेल्याने दुसरा, एवढाच पुष्कळ वेळा या दोन वर्गांतील फरक.

इंग्रजी पैमाशीने हा सौदाच मोडीत काढला. १८२० नंतर धान्याचे भाव कोसळले होते. अशा वेळी प्रिंगलने 'निव्वळ उत्पन्ना'च्या शास्त्रीय तत्त्वावर बसविलेला आकार १८३० च्या सुमारास लागू झाला आणि तो रयतेस असह्य ठरला. पुष्कळ कुळे जमीन टाकून गेली. ती चूक निस्तरण्यासाठी गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापुरात नवी पैमाश केली आणि पुढे ती पद्धत जिल्ह्याच्या इतर भागांत पसरली. तिच्यात प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला तीस वर्षांसाठी ठरलेला आकार, आणि जो तो आकार भरील तो खातेदार. खातेदार मिरासी की उपरी हे विचारण्याचे कारणच उरले नाही. खात्यावरील जमीन वारसाने जाऊ लागली, विकता येऊ लागली. जे मिळविण्यास पूर्वी उपऱ्यास गोताची संमती व दोन पिढ्या लागत, ते त्यास नोंदवहीतील एका ओळीने मिळाले, आणि परागंदा मिरासदाराच्या नातवाचा दावा दुबळा झाला. मात्र विकता येणारी जमीन गहाणही टाकता येते. सावकाराला पूर्वी उपऱ्याच्या जमिनीत तारण दिसत नव्हते. आता ते दिसू लागले. १८७५ मध्ये सुप्यापासून भडकलेल्या दंग्यात पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी रोख धरला तो सावकारांच्या खतपत्रांवरच.

गावाने मात्र आपली नोंदवही निराळीच ठेवली. जत्रेतील मान, पोळ्याच्या बैलांचा क्रम, होळीच्या पोळीचा अग्रहक्क या बाबतींत जुनी थळकरी घराणी व मागाहून आलेली घराणी हा भेद पैमाशीनंतरही दीर्घकाळ पाळला गेला. आडनावांतही तो उमटला आहे. गावाच्या नावाला 'कर' प्रत्यय लागून झालेले आडनाव हे, थोडा विचार केला तर, त्या गावी राहणाऱ्याचे असण्याचे कारण नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच शेजारी त्या नावाने हाक मारतात. असे आडनाव मिरविणाऱ्या घराण्याच्या मागे बहुधा एक उपरी पूर्वज उभा असतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्या गावाचे वर्णन आहे तेथेही स्थायिक व फिरस्ता यांमधील रेषा कायद्याने पुसली तरी व्यवहारात पुसली गेलेली नाही.

१९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालक ठरविले, तेव्हा 'उपरी' हा शब्द महसुली परिभाषेतून केव्हाच गेला होता. पण त्यामागची स्थिती आंबेगाव तालुक्यातच पुन्हा निर्माण झाली, आणि तीही उलट्या क्रमाने. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याला त्याचे नाव तेवढे राहिले. त्याच्याबरोबर आसपासच्या गावांची पिढ्यानपिढ्या ताली रचून केलेली भातखाचरेही गेली. उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागले की जलाशयाच्या काठची जमीन उघडी पडते. राज्यात अशा जमिनीस गाळपेर म्हणतात, ती सरकारी असते आणि ती एकसाली पट्ट्याने, धरणग्रस्तांना अग्रक्रम देऊन, कसण्यास दिली जाते. जुन्या थळकऱ्यांचे वंशज त्या ओल्या गाळात पीक घेतात, ते वर्षाच्या बोलीवर.